गळा आणि गज : दिल्लीच्या सारंगीची एक बाजू

भारतीय संगीतविचाराने कंठाला नेहमीच अग्रमान दिला आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला, तेव्हा गीत, वाद्य आणि नृत्य या तिहींना मिळून त्याने संगीत म्हटले. परंतु त्या तिहींचा परस्परसंबंधही त्याने सांगून ठेवला. नृत्य वाद्याच्या मागून जाते आणि वाद्य गीताच्या मागून, असा तो क्रम आहे. मुळात हा क्रम कलेच्या रचनेविषयीचा होता. काळाच्या ओघात तो माणसांच्या पायरीविषयीचा झाला. गाणारा बैठकीच्या मध्यभागी आला, साथ करणारा त्याच्या मागे सरकला. बिदागी, नाव आणि बहुमान यांची वाटणीही त्याच क्रमाने होऊ लागली. अशा व्यवस्थेत एकच माणूस गातही असेल आणि वाजवतही असेल, तर त्याला कोठे बसवावयाचे?

हाताशी सोपे वाद्य असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही. तंबोऱ्याच्या चार तारा एकदा मिळवल्या, की त्या छेडत राहणे एवढेच बोटांचे काम उरते आणि गायकाचे गायकपण अबाधित राहते. पेटीवरही स्वर आधीच ठरलेले असतात. बोट पडले की स्वर उमटतो. पण हातातील वाद्य सारंगी असेल, म्हणजे उभे आयुष्य वेचल्याशिवाय जे वश होत नाही असे वाद्य असेल, तर गाणे आणि वाजवणे यांतले मुख्य कोणते हे ठरविणे कठीण होऊन बसते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रश्न दिल्लीत उस्ताद बुंदू खाँ (१८८०–१९५५) यांनी उभा केला, आणि तो कोणत्याही ग्रंथातून नव्हे, तर सारंगी वाजविता वाजविता स्वतः गाऊन. त्यांच्या या गाण्याकडे पुष्कळदा एका कलंदर कलावंताची लहर म्हणून पाहिले गेले. त्यामागील इतिहास ध्यानात घेतला, तर साथीदार म्हणून गणल्या गेलेल्या एका वर्गाने संपूर्ण कलेवरील आपला हक्क त्या गाण्यातून बोलून दाखविला होता, असे म्हणावे लागते.

सारंगीची अवघड जागा कोणती, हे प्रथम पाहणे आवश्यक आहे. लाकडाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेले, सुमारे दोन फूट उंचीचे हे वाद्य. त्याच्या पोटावर बकऱ्याचे कातडे मढविलेले असते आणि त्या कातड्यावर घोडी उभी असते. वाजविण्याच्या मुख्य तारा तीन, त्या तातीच्या. त्यांच्या खाली तरफेच्या पस्तीस-छत्तीस तारा. मांडीवर उभे धरून, डाव्या खांद्याला टेकवून ते वाजवावयाचे. उजव्या हातात गज. डाव्या हाताची रीत मात्र जगातील बहुतेक गजवाद्यांहून निराळी आहे. व्हायोलिनवादक बोटाच्या अग्राने तार पट्टीवर दाबतो. सारंगीत तार दाबली जात नाही. नखाच्या मुळाशी जी कातडी असते, ती तारेला बाजूने भिडवून स्वर काढावा लागतो. पडदे नाहीत, खुणा नाहीत. नख तारेवरून सरकत असताना प्रत्येक स्वराची जागा कानानेच शोधावी लागते. वर्षानुवर्षांच्या रियाजाने नखांवर खोबण्या पडतात आणि त्या खोबण्या सारंगियाच्या हातावर कायमच्या राहतात.

अशा वाद्याबरोबर गाणे म्हणजे दोन अस्थिर गोष्टी एकाच वेळी स्थिर ठेवणे होय. गळ्यालाही पडदे नाहीत आणि सारंगीलाही नाहीत. दोन्हींचा स्वर सलग वाहणारा आहे, दोन्हींत मींड सहज आहे, आणि म्हणूनच दोन्हींतील केसाएवढा फरकही लगेच कानाला टोचतो. पेटीबरोबर गाणाऱ्याचा स्वर किंचित हलला, तरी पेटीचा ठाम स्वर त्याला सावरून घेतो. सारंगी असे सावरत नाही. गळा ढळला तर कान गोंधळतो, कान गोंधळला तर बोट ढळते. शिवाय श्वासाची लांबी आणि गजाची लांबी सारखी नसते. शब्द उच्चारताना श्वास तुटतो, त्या क्षणी गज चालू ठेवावा की पालटावा, याचा निर्णय हाताने आपणहून घ्यावा लागतो. ताल सांभाळावयाचा तो वेगळाच.

साथीच्या प्रचलित रीतीत हा प्रश्न अंतराने सोडविलेला असतो. गायक एक स्वरावली घेतो, सारंगिया तिच्या मागून, पाव पळाच्या अंतराने, तीच रेखाटत जातो. गायक दमासाठी थांबला की त्याने सोडलेली जागा भरून काढतो. त्या अंतरातच साथीची मर्यादा आहे आणि तिचे कसबही. वाजविणारा स्वतःच गाऊ लागला, की हे अंतर नाहीसे होते. पुढचा स्वर कोणता, हे हाताला आधीच ठाऊक असते. मग गज कधी गळ्याबरोबर चालतो, कधी त्याच्या पुढे जातो. बंदिशीचे शब्द गळा उच्चारतो आणि गळ्याच्या आवाक्याबाहेरची तान गज घेतो. ‘वाद्य गीताच्या मागून जाते’ हा क्रम अशा गायनात टिकत नाही.

लोकपरंपरांना हा क्रम कधीच जाचला नव्हता. राजस्थानातील लंगा सिंधी सारंगीवर गातात, मांगणियार कमायच्यावर गातात. पाबूजीची कथा सांगणारा भोपा रावणहत्त्यावर गज ओढीत गातो. महाराष्ट्रातही दारोदार फिरणारा किंगरीवाला किंगरी वाजवीत गात असे; शाहिराच्या पथकातील तुणतुणे, गोंधळ्याचे संबळ यांच्या साथीने चालणारे गाणेही वाजविणाऱ्यांच्या गळ्याशी जोडलेलेच होते. भरताच्या नाट्यशास्त्राने स्वरांची दोन अधिष्ठाने मानली : एक लाकडाची वीणा, दुसरी देहाची. देहालाच वीणा म्हणणारी ही कल्पना या गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांच्या फार जवळची आहे. त्यांच्या दृष्टीने गाणे हे एकच कर्म होते. गळा आणि हात ही त्याची दोन अंगे होती.

विभागणी झाली ती नगरात, आणि त्या नगरांत दिल्ली अग्रभागी होती. मुहम्मदशाहाच्या कारकिर्दीत (१७१९–१७४८) दिल्लीच्या दरबारात नियामत खाँ ‘सदारंग’ हा बीनकार ख्यालरचनाकार म्हणून गाजला. स्वतः वाद्यकार असलेल्या माणसाने रचलेल्या बंदिशी पुढील अडीचशे वर्षे गवयांच्या गळ्यांत राहिल्या, ही गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही. त्याच काळातील दिल्लीचे चित्र दर्गाह कुली खाँ याने ‘मुरक्का-ए-दिल्ली’ या फारसी ग्रंथात रेखाटले असून त्यात सारंगीवादकांचीही नोंद आहे. लोकजीवनातले हे वाद्य तोवर शहरी मैफलीत येऊन स्थिरावले होते. ख्यालाचा प्रसार जसजसा वाढत गेला, तसतशी गळ्याच्या प्रत्येक वळणाचा पाठलाग करू शकणारी सारंगी गायनाची अपरिहार्य सोबतीण बनली. पण सोबत करता करता तिचा स्वतःचा आवाज मागे पडला.

तिला मागे ठेवण्यास केवळ संगीताची रचना कारणीभूत नव्हती. दिल्लीच्या चावडी बाजारात, लखनौच्या चौकात गाणाऱ्या तवायफांना सारंगिये तालीम देत आणि साथही करीत. ठुमरी, दादरा, ख्याल यांचे शिक्षण त्यांच्याच हातून होई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या सुशिक्षित वर्गाने कोठ्याविषयीची आपली नापसंती सारंगीवरही लादली. ज्या वाद्याचा स्वर मानवी गळ्याला सर्वांत जवळचा म्हणून नावाजला जात होता, तेच घरंदाज दिवाणखान्यात ठेवण्याजोगे नाही असे ठरले. परिणाम असा झाला, की सारंगियांच्या घराण्यांतील हुशार मुले गाण्याकडे वळू लागली आणि गवई म्हणून नाव झाल्यावर सारंगीचा उल्लेख आवरता घेऊ लागली.

मराठी रसिकाला या स्थलांतराचे फळ चांगले परिचयाचे आहे. त्याचे मूळ मात्र क्वचितच आठवते. दिल्लीच्या उत्तरेस, यमुनेच्या पट्ट्यात कैराना हे गाव आहे. तेथील सारंगिये-बीनकारांच्या वंशात अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) जन्मले आणि पुढे बडोदे, पुणे, मिरज असा प्रवास करीत महाराष्ट्राचेच झाले. किराणा गायकीतील स्वराची सलगता, एका स्वरातून दुसऱ्यात विरघळत जाण्याची तिची रीत, ही ऐकणाऱ्याला तातीच्या तारेची आठवण करून देते. अमीर खाँ यांचे वडील शाहमीर खाँ सारंगिये होते आणि मुलाच्या शिक्षणाचा आरंभ त्यांनी सारंगीनेच केला होता. बडे गुलाम अली खाँ यांनीही तारुण्यात हाती गज धरला होता. म्हणजे विसाव्या शतकातील हिंदुस्थानी कंठसंगीताच्या तीन थोर प्रवाहांच्या उगमाशी सारंगी आहे. पण त्या प्रवाहांना नाव मिळाले ते गळ्याचे.

मराठी रंगभूमीने सारंगीचा मान एका परीने राखला. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा यांचा तबला आणि कादरबक्ष यांची सारंगी यांना जे स्थान मिळाले, त्याच्या आठवणी मराठी नाट्यलेखनात जागोजागी विखुरलेल्या आहेत. बालगंधर्वांच्या पदांतील हळुवारपणा लोकांच्या कानात राहिला, त्यात या सारंगीचा वाटा किती, याचा हिशेब मांडणे अवघड आहे. तथापि, रंगमंचासमोरील त्या जागेतही सारंगी गाणाऱ्या नटाच्या मागेच होती. तिच्याकडून स्वतःच्या गाण्याची अपेक्षा कोणी केली नव्हती.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे बुंदू खाँ यांचे वेगळेपण उठून दिसते. त्यांचा जन्म दिल्लीचा. वडील अली जान खाँ सारंगीवादक. खरे गुरू मात्र मामा, मम्मन खाँ. घराण्याची परंपरा आपला पूर्वसंबंध दिल्लीच्या दक्षिणेकडील बल्लभगडच्या राजाश्रयाशी जोडते. मम्मन खाँ हे प्रयोगशील वृत्तीचे. सारंगीहून मोठ्या आकाराचे ‘सुरसागर’ हे गजवाद्य त्यांच्या नावावर आहे. त्यांचे पुत्र चाँद खाँ यांनी सारंगी नव्हे, गायन हाच मार्ग पत्करला आणि दिल्ली घराण्याच्या गायकीचे ते प्रमुख प्रतिनिधी ठरले. जुन्या दिल्लीतील सुईवालानमधील या कुटुंबात एका शाखेने गळ्याची वाट धरली आणि दुसऱ्या शाखेतील बुंदू खाँ यांनी गज खाली न ठेवता गळाही उघडला.

त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ इंदुरात गेला. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबारी ते सारंगीवादक होते. इंदूर त्या काळी मराठी संस्कृतीचेच एक नगर होते. कीर्तन, नाटक आणि दरबारी मैफली ही तेथे एकाच श्रोतृवर्गाची करमणूक होती. देवासचे रजब अली खाँ जवळच होते, शाहमीर खाँ गावातच होते. देशभरातील गवई होळकरांकडे येत असत. दरबारी सारंगियाला अशा ठिकाणी निरनिराळ्या घराण्यांचे गाणे अगदी निकटून ऐकावयास मिळते. नव्हे, त्या गाण्याच्या मागोमाग जावे लागते. एखादा गवई आपल्या घराण्याच्या बंदिशी जपतो, तर सारंगियाच्या स्मरणात अनेक घराण्यांच्या बंदिशी साठत जातात. हे धन उघडपणे दाखविण्याची संधी मात्र त्याला मिळत नसे. साथीला बसलेल्या माणसाने ‘ही चीज मलाही येते’ असे सांगणे शिष्टाचाराला धरून नव्हते.

१९३४ मध्ये बुंदू खाँ यांचा ‘संगीत विवेक दर्पण’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या काळी सारंगियाने ग्रंथ लिहिणे ही लहान गोष्ट नव्हती. शास्त्र सांगण्याचा अधिकार पंडितांकडे आणि थोड्याफार गवयांकडे आहे, वाजविणाऱ्याकडे केवळ कसब आहे, अशी समजूत रूढ होती. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी उस्तादांकडून बंदिशी मिळवून, स्वरलिपीत बांधून प्रसिद्ध केल्या, हे त्यांचे ऋण संगीताचा कोणताही अभ्यासक नाकारणार नाही. पण त्या मोठ्या उद्योगात उस्ताद हा प्रामुख्याने ज्ञानाचा पुरवठादार होता, त्याची मांडणी करणारे दुसरे होते. बुंदू खाँ यांनी मांडणीही आपल्या हाती घेतली. त्यांचे वाजविता वाजविता गाणे आणि त्यांचे लिहिणे ही एकाच आग्रहाची दोन रूपे आहेत.

हा आग्रह देशभर ऐकू गेला तो नभोवाणीमुळे. १ जानेवारी १९३६ रोजी दिल्लीचे केंद्र अलीपूर रोडवरील एका बंगल्यातून सुरू झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. संस्थानी आश्रयाला ओहोटी लागली असताना दिल्लीच्या वादकांना या केंद्राने नवा आसरा दिला. बुंदू खाँ त्याच्या आरंभीच्या काळापासून तेथे वाजवीत. त्यांची जी ध्वनिमुद्रणे आज ऐकावयास मिळतात, त्यांत राग चालू असताना मध्येच त्यांचा आवाज उमटतो. तो कमावलेल्या गवयाचा भारदस्त आवाज नाही. वय झालेल्या, घरच्या माणसांत बसून गुणगुणणाऱ्या माणसाचा आहे. बंदिशीचे शब्द तो सांगतो आणि पुन्हा सारंगीत मिसळून जातो. गज थांबलेला नसतो. मोठ्या मैफलीत हा आवाज पहिल्या रांगेपलीकडे पोचणे कठीण होते. ध्वनिक्षेपकाला मात्र जोराची गरज नव्हती. सारंगीच्या मानेशी कललेल्या तोंडातला तो हलका स्वर त्याने अलगद टिपला. घरच्या रियाजात शेकडो सारंगिये जे करीत आले असतील, ते यंत्राच्या सान्निध्यामुळे प्रथमच सार्वजनिक झाले, असे अनुमान करण्यास जागा आहे.

या गाण्याचा कलात्मक लाभ कोणता? सारंगी स्वर सांगते, शब्द सांगू शकत नाही. बंदिश ओळखीची असेल तर श्रोता मनात शब्द भरतो. अनोळखी असेल तर त्याच्या पदरी नुसती स्वराकृती पडते. बुंदू खाँ यांनी शब्द उच्चारले की पुढील विस्तार त्या शब्दांच्या प्रकाशात ऐकू येऊ लागतो. समेवर कोणते अक्षर येते, कोणत्या स्वरावर शब्द तुटतो, हे कळल्यावर त्यांच्या अवघड, वेगवान ताना म्हणजे केवळ बोटांची चपळाई राहत नाही. त्या त्या बंदिशीचा अर्थविस्तार ठरतात. गळा येथे भाष्यकाराचे काम करतो आणि वाद्य मूळ ग्रंथाचे. रूढ क्रम असा नकळत उलटलेला आहे.

त्याच दिल्लीत, त्याच सुमारास, गाणे आणि वाजविणे यांच्या संबंधाविषयी सरकारी पातळीवर एक निर्णय झाला. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी घालण्यात आली. पेटीत मींड नाही, तिचे स्वर हिंदुस्थानी रागांना मानवत नाहीत, ती परदेशी आहे, असे आक्षेप त्यामागे होते आणि ते रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांनाही मान्य होते. गाता गाता स्वतःच साथ करण्याचे सर्वांत सुलभ साधन अशा रीतीने नभोवाणीवरून गेले आणि सर्वांत कठीण साधनाला, म्हणजे सारंगीला, नोकरी मिळाली. १९७१ मध्ये ही बंदी सैल होईपर्यंतच्या तीन दशकांत केंद्राकेंद्रांवरील पगारी सारंगियांमुळे हे वाद्य तगून राहिले. पण ही नोकरी साथीदाराची होती. दिवसाला जे गायक येतील त्यांच्या मागे बसावयाचे, हे तिचे स्वरूप होते. बंदीने सारंगियाला भाकरी दिली आणि त्याची जागाही पक्की केली.

स्वातंत्र्यानंतर या व्यवस्थेला जे वळण लागले त्यात एका मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला आणि कलावंतांची श्रेणी ठरविणारी चाचणीपद्धतीही त्यांनी दृढ केली. शास्त्रीय संगीताला लाभलेल्या राष्ट्रीय प्रतिष्ठेचे श्रेय या धोरणाला द्यावेच लागेल. परंतु श्रेणी लावावयाची तर कलावंताला एका रकान्यात बसवावे लागते : कंठसंगीत किंवा वाद्यसंगीत. गाणाऱ्या सारंगियाला या दोहोंपैकी एक कबूल करणे भाग पडते. संस्थांमधील शिक्षणक्रमांनीही तीच विभागणी स्वीकारली. घराण्यांत एकत्र नांदलेल्या विद्या वर्गखोल्यांत वेगळ्या झाल्या.

या रकान्यांचा अनुभव सर्वांत बोलक्या रीतीने आला तो राम नारायण (१९२७–२०२४) यांना. १९४४ मध्ये ते लाहोरच्या नभोवाणी केंद्रावर गायक म्हणून काम मागावयास गेले होते. तेथील संगीतनिर्माते जीवनलाल मट्टू यांचे लक्ष त्यांच्या नखांवरील खोबण्यांकडे गेले आणि त्यांना नोकरी मिळाली ती सारंगीवादकाची. गळ्यासाठी आलेल्या माणसाची ओळख नखांनी पटविली. फाळणीनंतर ते दिल्ली केंद्रावर आले. साथीदाराच्या चाकोरीत मन रमेना म्हणून १९४९ मध्ये त्यांनी मुंबई गाठली. १९५४ मधील त्यांचा एकल वादनाचा पहिला प्रयत्न मुंबईच्या श्रोत्यांनी स्वीकारला नाही. १९५६ पासून मात्र त्यांनी एकल सारंगीला जी मान्यता मिळवून दिली, ती पुढे जगभर पसरली. किराण्याच्या अब्दुल वाहिद खाँ यांच्याकडे गायन शिकलेल्या राम नारायण यांनी मंचावर गाणे न गाता सारंगीलाच गावयास लावले. त्यांच्या मार्गाची थोरवी निर्विवाद आहे. तरी एवढे म्हटले पाहिजे, की तो मार्ग रकान्यांची व्यवस्था मान्य करून निघालेला होता. वाद्याने गायनाच्या पंगतीला बसावयाचे, तर त्याने शुद्ध वाद्य म्हणून बसावे, ही त्या व्यवस्थेची अट होती.

बुंदू खाँ यांचा मार्ग दिल्लीत पुढे चालू राहिला नाही. फाळणीनंतर ते कराचीस गेले आणि १३ जानेवारी १९५५ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. पाकिस्तानने १९५९ मध्ये त्यांना मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान दिला. त्यांचे पुत्र उमराव बुंदू खाँ यांनी गायक आणि सारंगीवादक अशी दुहेरी परंपरा कराचीत चालविली. चाँद खाँ मात्र १९८० मध्ये निधन होईपर्यंत दिल्लीतच राहिले. एका घराण्याचे गायन यमुनेकाठी राहिले आणि गाणारी सारंगी सिंधू ओलांडून गेली. फाळणीने माणसे, घरे आणि जमिनी वाटल्या, हे सर्वज्ञात आहे. एका माणसाच्या देहात एकत्र असलेल्या दोन विद्यांच्या वाटाही तिने अशा वेगळ्या केल्या.

भारतात गाणारा सारंगिया पुन्हा व्यापक प्रमाणावर ऐकू आला तो शतक संपता संपता. जोधपूरकडचे उस्ताद सुलतान खाँ (१९४०–२०११) मैफलीत सारंगीबरोबर गात असत. १९९९ मध्ये ‘हम दिल दे चुके सनम’ या चित्रपटातील एका गीतात आणि २००० मध्ये ‘पिया बसंती’ या गीतसंग्रहात त्यांचा खरखरीत, ओलसर आवाज घराघरांत पोचला. शास्त्रीय संगीताशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता, अशा तरुण श्रोत्यांनी एका सारंगियाचा गळा ओळखला. गवई म्हणून त्या आवाजाची श्रेणी लावण्याची कोणाला गरज भासली नाही. लोकपरंपरेत जसे गाणे आणि वाजविणे वेगळे नव्हते, तसेच ते या अगदी आधुनिक बाजारपेठेतही वेगळे मानले गेले नाही. अडचण होती ती मधल्या शास्त्रीय प्रतिष्ठेच्या प्रदेशात.

दरम्यान मैफलीत पेटी परतली आणि स्थिरावली. ती शिकण्यास सोपी, बाळगण्यास सोपी, तिला वारंवार सुरात लावावे लागत नाही. सारंगीच्या पस्तीस तरफा मिळविण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात पेटीवाल्याची साथ सुरू झालेली असते. गायकांची सोय झाली. पण सारंगियाबरोबर अनेक घराण्यांच्या बंदिशी जपणारी एक स्मरणशक्तीही मैफलीतून उठून गेली. सारंगिया गेला म्हणजे एक नाद गेला, एवढ्यावर हा हिशेब संपत नाही. ज्याने सर्वांचे गाणे ऐकले, सर्वांच्या मागून गायिले आणि स्वतःचे गाणे क्वचितच सांगितले, असा एक साक्षीदार गेला.

संगीताचा इतिहास लिहिताना गायकांची परंपरा ही मुख्य वाट आणि वादकांची परंपरा ही तिची पाऊलवाट, असे धरून चालण्याची सवय मराठी लेखनालाही आहे. घराण्यांच्या वंशवेलींत गवयांची नावे ठळक असतात. त्यांना घडविणाऱ्या वा त्यांच्या पाठीशी बसणाऱ्या सारंगियांची नावे तळटीपेत जातात, किंवा जातच नाहीत. बुंदू खाँ यांची काही मिनिटांची ध्वनिमुद्रणे या सवयीला हरकत घेतात. त्यांत रागाची बढत आहे, बंदिशीचे शब्द आहेत, गजाची अव्याहत फेर आहे आणि त्या सर्वांतून वाट काढणारा एका वृद्ध माणसाचा अनलंकृत आवाज आहे. संगीताच्या विद्यार्थ्याने तो राग शिकण्यासाठी ऐकावा. साहित्याच्या विद्यार्थ्याने तो यासाठी ऐकावा, की एखाद्या कलेत बोलण्याचा अधिकार कोणाकडे असतो आणि तो कसा घेतला जातो, याचा तो अस्सल पुरावा आहे.